चष्म्याच्या काड्यांवर दोन माइक

दादा, तुमच्या गायन पार्टीतले काका आता बोलत न्हाईत. कॅन्सरपायी स्वरयंत्र काढावं लागलं. परभणीच्या डॉक्टरनं तसं सांगितलं तवा त्यांनी पयलं विचारलं, "मंग गाणं?" डॉक्टरनं ऑपरेशनच्या तारखेचा कागद पुढं सरकवला. रिक्षात बसल्यावर काका म्हणाले, "बोरीच्या विहारापुढं एक गाणं गातो. मंग काय चिरायचं ते चिरा." तुमी गेलात तेव्हा तुमच्या आवाजाची एक ओळसुद्धा कुणी भरून ठेवलेली नव्हती. म्हटलं, हा आवाज तरी जाऊ द्यायचा न्हाई.

शाळेतून आलं की मी माइकांच्याच मागं. शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढ्या माइकांची जोडी घेतली, ढोलकीच्या थापेनं फाटणार न्हाई आणि हळू आवाजाला खरखरणार न्हाई अशी. पण लावायची कुठं? बोरीला आधी जाऊन मांडवाच्या बांबूला बांधून पाहिली, तर ढोलकीसंगं बांबूच घुमायला लागला. भोंग्याजवळ नुसता भोंगा. स्टँडवर ठेवावी तर काका एका जागी उभे राहतात होय? एक ओळ बायांकडं, एक गड्यांकडं. मग माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना, कानांजवळ, एकेक माइक चिकटवला, वर वाऱ्यासाठी स्पंजच्या टोप्या घातल्या. माणूस दोन कानांनी ऐकतो तसं येतं. घरी तपासलं तर झाकण कुठल्या बाजूला पडलं तेसुद्धा कळत होतं. लय खूश झाले. मुंडकं हलवायचं न्हाई, एवढंच स्वतःला बजावलं.

बोरीत उन्हं कललीत, मी पयल्या रांगेत खांबासारखी बसलेय. काका तुमचंच गाणं घेतात. आवाज चिरका झालाय, पण अजून वर जातो. माझ्यापुढं येऊन पयली ओळ टाकतात अन थांबतात. ओळ मागून उचलायची, झील धरायची, पण धरणारं कुणीच न्हाई, तुमचे झीलकरी केव्हाच गेले. शाहिराची ओळ खाली पडू द्यायची न्हाई, हे तुमी मला ढोलकीच्या पेटीवर बसवून शिकवलेलं. तोंड आपोआप उघडलं, दादा. मी झील धरली, तीही बेंबीच्या देठापासून. काकांचा चेहरा असा खुलला की थांबताच येईना. शेवटपर्यंत आमी दोघं संगंच गात राहिलो.

घरी येऊन ऐकलं. माइक माझ्या तोंडापासून वीतभर. नुसती मीच मी. काका कुठंतरी मांडवापल्याड. आग लागो माझ्या गळ्याला! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पळत गेले, म्हटलं, "काका, एकदाच, हळू का होईना, पुन्हा गा." ते म्हणाले, "न्हाई ग बाई, होता न्हवता तेवढा काल देऊन बसलो." हेच त्यांचं शेवटचं बोलणं, आणि घाईत चष्मा घरीच राहिलेला. आता मी त्या गाण्यातून माझा आवाज काढून टाकायला बघते, तर काकाही संगंच निघून जातात. काय करू, सांगा की.

काका मात्र घरी येतात अन खुणेनं तेच लावायला सांगतात. डोळे मिटून ऐकतात. माझा आवाज आला की एक बोट कानाला लावतात अन मंग तुमच्या फोटोकडं दाखवतात, डिट्टो दादा म्हणून. मी मान डोलावते. हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक न्हाई, पण काकांच्या हाती तर पडूच द्यायचं न्हाई. कारण खरं सांगू का, दादा, तुमचा आवाज कसा होता, ते मला आता आठवतच न्हाई.