हवा काढली, पण भलतीकडची

प्रिय धाकट्यास,

थोरल्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरा नाही आणि तुझी वहिनी मला तसं म्हणू देत नाही. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला जिना उतरताना त्यातून कट् असा आवाज आला होता, तो अजून माझ्या कानात आहे. (तू विसरला असशील. तुझी काळजी करण्याचं खातं लहानपणापासून माझ्याकडेच आहे.) हे पत्र दूधवाल्याबरोबर पाठवतो आहे. फोन का केला नाही ते पुढे येईलच.

उद्या सकाळी वहिनीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, हे तुला ठाऊक आहे. मागची तारीख तिच्या खोकल्यात गेली. उद्याची गेली तर डॉक्टर परदेशात लेकीकडे जाणार, मग पावसाळा संपेपर्यंत काही नाही. आणि आता थांबण्यात अर्थ नाही रे. परवा तिनं माझ्या सदऱ्याचं बटण नेमकं काजावरच शिवलं. मी तो सदरा तसाच घालून हिंडतो आहे, कारण बोलायची सोय नाही. मुलगा म्हणाला, टॅक्सी पाठवतो. ही म्हणाली, घरची जीप असताना परक्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. आणि घरच्या जीपनं काय करावं? बाजाराच्या चढावर धापा टाकल्या, खोकली आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागचे सगळे हॉर्न माझ्याच नावानं वाजत होते. शेवटी चार पोरांनी ढकलत घरी आणून सोडली.

आपला मिस्त्री पाय प्लॅस्टरमध्ये घालून घरी पडला आहे. (स्वतःच्याच दुकानातल्या सांडलेल्या ऑइलवरून घसरला. कुणाला सांगू नकोस, त्यानं मला सांगू नका म्हणून सांगितलं आहे.) फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, डिझेलचा फिल्टर चोंदलाय. डबा बदला. पोरखेळ आहे." पोरखेळ असेल, पण माझं वय काय? तरी मी जुना डबा सोडवला. तो सोडवताना निम्मं डिझेल बाहीतून काखेपर्यंत गेलं. नवा आणला, डिझेलनं भरला, बसवला. गाडी लगेच चालू झाली. मी इतका खूश झालो की वहिनीला हाक मारली. ती बाहेर येईतो गाडी फाटकापर्यंत गेली आणि मेली.

पुन्हा फोन. मिस्त्री म्हणाला, डिझेलच्या नळीत हवा धरली, हवा काढायला हवी. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, शेजारचा हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. एकानं पंप, एकानं स्क्रू. म्हणून मी शेजारच्या कॅशियरसाहेबांना बोलावलं. (बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते कुंपणाशी उभेच असतात, कुणीतरी हाक मारावी म्हणून.) माझं डोकं बॉनेटमध्ये, दातांत पाना. मी घाईघाईत एवढंच म्हणालो, तुम्ही तिकडून हवा काढा, मी पंप मारतो.

मी पंप दाबत होतो आणि विचारत होतो, "निघतेय का?"

"निघतेय, निघतेय! भरपूर आहे हो!"

"फेस येतोय का?"

"फेस कुठला, नुसती हवा."

"मग चालू द्या."

माणूस कष्टाळू. एका चाकापाशी थांबला नाही. ओसरीतून तुझी वहिनी म्हणाली, "अहो, गाडी बसली का?" मी म्हटलं, तुला धूसर दिसतं, तू गप्प बस. मग माझ्या लक्षात आलं की मघापासून मी उगाच जास्त वाकतो आहे. बाहेर येऊन बघतो तर चारी चाकं चपटी होऊन बसलेली आणि कॅशियरसाहेब हातात सायकलचा पंप घेऊन तयार. म्हणाले, "आता मारायचा ना पंप?" त्यांना वाटलं होतं, माणसं हवापालटाला जातात तशी गाडीचीही हवा वर्षातून एकदा बदलत असतील. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. इतकं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, म्हणून रागही धड धरता आला नाही.

सायकलच्या पंपानं जीपची चाकं भरणं म्हणजे काय ते सांगत नाही. दोन चाकांनंतर कॅशियरसाहेबांच्या पाठीत उसण भरली, ते शेकत पडले आहेत आणि त्यांच्या मंडळींनी आमच्याकडे बघणं बंद केलं आहे. उरलेली दोन मी भरली. मग स्क्रूही मीच, पंपही मीच, तरी फेस संपेना. मिस्त्रीनं फोनवर विचारलं, "काका, जुनी रबरी रिंग काढली होती ना?" मी ठणकावून म्हटलं, काढली. मग हळूच डबा सोडवून पाहिलं. ती वरच चिकटून बसली होती. रिंगवर रिंग, त्या फटीतून गाडी हवा ओढत होती. ती काढायला वाकलो आणि खिशातला फोन सरळ डिझेलच्या बादलीत गेला. असो. रिंग निघाली, फेस थांबला, स्वच्छ डिझेल आलं. गाडी चालू झाली. तेव्हा तू काही काळजी करू नकोस. सगळं ठीक आहे. उद्याची सोय झाली.

तुझा,
दादा

ता. क. गाडी अजून चालूच आहे. बंद करायची माझी छाती होत नाही. न जाणो, पुन्हा चालू झाली नाही तर? पण अशीच राहिली तर डिझेल संपेल, आणि डिझेल संपलं की पुन्हा हवा धरते, असं मिस्त्री म्हणाला होता. तरी संध्याकाळपर्यंत ये आणि तुझ्या हातानं बंद कर.

ता. क. आता आलाच आहेस तर रात्री राहा आणि सकाळी गाडी तूच चालव. जीपचं काही नाही रे. तिच्या डोळ्याला सुई लावणार हे डोक्यात आलं की माझ्या पायाला क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते कळत नाही. हिला यातलं काही बोलू नकोस. गाडीचा आवाज ऐकायला आलो म्हण.

ता. क. आत्ताच हिनं ओसरीतून विचारलं, कुणाला लिहिताय? म्हटलं, धाकट्याला, सहज, खुशालीचं. म्हणाली, "भाऊजींना म्हणावं, जेवायलाच या." मग मला म्हणाली, "आणि उद्या तुम्ही मागच्या सीटवर आडवे व्हा, मी पुढे बसेन."