माहेरची हिरवी साडी

चि. लालास, फलटणहून अक्काचा आशीर्वाद.

काल माझ्या डोहाळेजेवणाला तू पायलटच्या पहिल्या पगारातली साडी आणलीस. "घे अक्का, माहेरची हिरवी साडी," म्हणून भर बायकांत माझ्या अंगावर घातलीस. साडी विटकरी हाय, लाला! भावानं गंमत केली म्हणून बायका हसल्या, तूही हसलास. मला मात्र मळ्यातल्या मिरच्या आठवल्या.

लहानपणी मिरच्या तोडताना तू हिरव्या आणि पिकल्या एकातच टाकायचास. आबांची बोलणी नगंत म्हणून मी गुपचूप निवडून द्यायची. मला वाटायचं, पोराचं ध्यान आभाळात असतं.

जाताना तुला दारात गाठलं. "डोळ्यांच्या तपासणीत पास कसा झालास रं?"

"रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचे असत्यात, अक्का. मी पाठ केले. आबांना सांगू नगंस."

आबांनी तुला कराडला सायन्सला घातलं, मग फ्लायिंग क्लबात, तिथं तर तासातासाला पैसे भरून विमान शिकवलं. आता पोराला कलेक्टरपेक्षा जास्त पगार हाय म्हणून आख्ख्या इस्लामपुरात सांगत फिरत्यात.

हे पत्र तुझ्या साहेबाला लिवायला पायजे, एवढं मला कळतंय. पण हातानं वर तुझंच नाव लिवलं, आणि आता तुलाबी धाडवत न्हाई.

येत्या सोमवारी आबा पहिल्यांदाच विमानात बसणार हायत, तुझ्याच. नवा फेटा आणलाय. अंधारात उतरताना तांबडा दिवा कुठला, हिरवा कुठला, तिथं तुला कोण निवडून देतं रं?

तीच साडी नेसून बसलेली,
तुझी अंजनाक्का