धुतलेला सदरा

कारागृह, नागपूर
२० जानेवारी २०२५

ती. वंदनाताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

मी खुशाल आहे. काळजीचं काही कारण नाही. जेवण दोन वेळ मिळतं, पांघरायला घोंगडी आहे. सकाळी थंडी फार पडते, पण कोराडीच्या आपल्या घरात काही कमी पडत नव्हती.

इथे येण्याआधी, पोलीस ठाण्यात असताना, न्हाणीत पाय घसरून पडलो आणि उजवं मनगट मुरगळलं. म्हणून हे पत्र साहिल लिहून देत आहे. माझ्या शेजारी झोपतो, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

गोदामातली तांब्याची तार मी नेली नाही, हे तुम्हा दोघींना ठाऊकच आहे. वायरिंगचं काम माझ्याकडे होतं, चावी आठ दिवस माझ्या खिशात होती, म्हणून सेठनं माझं नाव सांगितलं. आता ३१ तारखेला पुन्हा कोर्ट आहे. आईला इथे मुलाखतीला आणू नकोस, तिच्या गुडघ्यांना ती रांग झेपणार नाही. माझे जुने कपडे तिला मिळाले असतील. तू शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्याचं वाईट वाटतं.

लोभ असावा, आणि आईपाशी माझं नाव हसून काढावं.

तुझा भाऊ,
प्रेमानंद

---

मनीषनगर, नागपूर
२४ जानेवारी २०२५

चि. प्रेमानंदास,
जय भीम आणि अ. आ.

साहिलला माझी शाबासकी सांग. अक्षर खरंच सुरेख आहे. पण खोटं लिहायला त्याला जमत नाही. ‘न्हाणी’ हा शब्द लिहून, खोडून त्यानं परत लिहिला आहे. त्या ठाण्यात न्हाणी आहे हे मला नव्यानंच कळलं. आई पाच दिवस डबा घेऊन त्याच दारात बसली, तिला कोणी घोटभर पाणी विचारलं नाही, आणि तुला मात्र आंघोळीची सोय होती म्हणे!

आता मी का चिडले आहे ते ऐक. सतरा तारखेला शिपायानंच आईला सांगितलं होतं की पोराला साहेबांसमोर न्यायचं आहे, धड कपडे आणा. ती बिचारी इस्त्री करून घेऊन गेली. तुला व्हरांड्यात कपडे बदलायला लावले आणि जुने पिशवीत कोंबून तिच्या हातात दिले. कोर्टातून मी दुकानावर गेले, ते बंद करून संध्याकाळी कोराडीला पोचले, तर सदरा तारेवर वाळत होता. नीळ घातलेला, पांढराशुभ्र. उजव्या खांद्याला हातानं टाके घातलेले. मी विचारलं तर म्हणाली, “घाण झाला होता, तसाच ठेवू काय?” विहारात घालायचा सदरा मळका ठेवायचा नाही, ही तिची रीत मला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हाही तिनं त्यांचा सदरा आधी धुतला आणि मग रडायला बसली. पण मी तिच्यावर ओरडले, फार ओरडले. ती पोळ्या लाटत राहिली.

विधी सेवेतून आपल्याला मिळालेल्या वकील अस्मिता मॅडम यांनी तर कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तोच तर पुरावा होता.

तो सदरा मी शिवला आहे, प्रेमानंद. काखेपासून खांद्यापर्यंत मी दुहेरी शिलाई मारते. गिऱ्हाइकं चेष्टा करतात की वंदनाबाईंचा कपडा फाटायच्या आधी माणूस फाटेल. न्हाणीत घसरून ती शिलाई उसवत नाही. हात वर बांधून माणूस लटकवला तर उसवते. हे पत्र तुझ्या आधी जे साहेब वाचतील त्यांनीही वाचावं, मी काही चोरून लिहीत नाही.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी तुला स्पष्ट विचारलं की पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का. तू नाही म्हणालास. मी दारात उभी राहून ऐकलं. का रे असं केलंस? मला सात रात्री झोप नाही.

लोभ आहे तसा राहू दे, थोडा रागही सोबत पाठवला आहे.

तुझी ताई,
वंदना

---

कारागृह, नागपूर
२८ जानेवारी २०२५
(अस्मिता मॅडमच्या हाती)

ती. ताईस,
सविनय जय भीम.

हे मी डाव्या हातानं लिहीत आहे, हसू नकोस. मॅडम समोर बसल्या आहेत, म्हणून खरं लिहितो.

चार माणसांच्या कोठडीत आम्ही अकरा होतो. संडासाला दार नव्हतं, नळाला पाणी नव्हतं. उघड्या फरशीवर आळीपाळीनं झोपायचं. आईचा डबा पाच दिवसांत एकदाही माझ्यापर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत नेऊन खिडकीच्या गजाला हात बांधले आणि तार कुठे विकली ते सांग म्हणत पाठीवर, तळपायांवर पट्ट्यानं मारलं. तिसऱ्या दिवशी मी खोटं कबूल करायला तयार झालो होतो. कोणाचं नाव घेऊ तेवढं सुचत नव्हतं. मारापेक्षा मला याची जास्त लाज वाटते. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मला मारणारा शिपाईच मध्ये उभा राहिला, आणि डॉक्टरांनी मान वर न करता ‘जखम नाही’ असं लिहिलं.

कोर्टात माझं कोपर धरूनही तोच उभा होता. बोललास तर परत आमच्याकडेच येशील, असं त्यानं गाडीत सांगितलं होतं. पण मी गप्प बसलो ते तेवढ्यामुळे नाही. मी मागे पाहिलं तर आई तुझ्या शेजारी उभी होती, हातात ती पिशवी. तिच्या पोराला जनावरासारखं बांधलं होतं, हे तिनं माझ्या तोंडून चारचौघांत ऐकावं? मला ते जमलं नाही.

तिच्यावर ओरडू नकोस. मॅडमनी मनगटाच्या एक्सरेसाठी अर्ज दिला आहे आणि शुक्रवारी मला व्हीसीवर, म्हणजे इथूनच पडद्यावर, न दाखवता प्रत्यक्ष न्या असंही मागितलं आहे. पण मी स्वतः बोललो नाही तर पुढे काही हलणार नाही म्हणतात. त्या दिवशी आईला घरीच ठेव. ती नसली तर कदाचित बोलू शकेन.

लोभ असू दे, वाकड्या अक्षरावरही.

तुझा,
प्रेमानंद

---

कोराडी
२९ जानेवारी २०२५

(आई सांगते आहे, मी फक्त लिहिते. एकही शब्द बदललेला नाही. — वंदना)

चि. प्रेमानंदले आईचा आशीर्वाद आन जय भीम.

तुह्यं पत्र वंदनानं काल राती वाचून दाखवलं. मधातली दोन वाक्यं गिळून राहिली होती. मी म्हटलं, सारं वाच वं, मी काही काचेची नाही. सारं ऐकलं. मंग चहा ठेवला, पेली, आन आज सांगून राहिली.

तुले वाटते आईले मालूम नाही. अरे बापा, सदरा मी धुतला ना! चार पाणी लागले. पहिलं लाल निघालं, दुसरंही लाल निघालं. पाठीवरचं निघता निघत नव्हतं. दगडावर आपटाची हिंमत नाही झाली, हातानंच चोळलं, जशी तुही पाठच हाय. तवाच मले सारं समजलं. माह्या पोराले असं कोणी पाहू नये, वंदनानं पाहू नये, म्हणून धुतला. येवढीच अक्कल चालली. वंदना ओरडली ते बरोबरच ओरडली.

तू माह्यासाठी चूप राहिला, मी तुह्यासाठी धुतला. आन ज्यानं मारलं त्याचं काम आपण दोघांनीच सोपं करून देल्लं.

आज सकाळी मी वकील बाईकडे गेली. तिले म्हटलं, सदरा पांढरा हाय, पण मी तं जित्ती हाय ना. कोणतं पाणी किती लाल होतं ते मी साहेबाले सांगीन. मशीनची शिलाई वंदनाची, हाताचा टाका माहा. मधात फाटलं ते कसं फाटलं, ते तुले सांगा लागते. बाईनं सारं लिहून घेतलं आन मी खाली सही केली. सदरा आता तिच्यापाशीच हाय.

मले घरी ठेव म्हणते काहून? पाच दिवस मी त्या दारात बसली, तवा नाही थकली. शुक्रवारी मी येईन. पण या बारीले धुतलेले कपडे आणणार नाही. जसा हाय तसाच उभा राहा साहेबापुढं.

मी समोरच बसीन. माह्याकडं पाहू नको गा, साहेबाकडं पाहून बोल. मी सारं ऐकीन.

लोभ तं हायेच, तो काही कोणी कोठडीत टाकू शकत नाही.

तुही आई,
तुळसाबाई