पान एकेचाळीस

मंगळवार, ता. १४, दुपारी अडीच

चि. धाकटीस,

प्रभूमध्ये सलाम आणि ताईचे आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असाल. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. बसायला धड जागा नाही.

आमच्या चर्चमंडळीच्या वाचनखोलीत नवी पुस्तकं आली. एक आजाऱ्यांना भेटायला कसं जावं यावर, एक मोठ्या माणसांना वाचायला कसं शिकवावं यावर, आणि तिसरं आमच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांकडून लिहून घेतलेलं, वस्तीतल्या घरभेटींच्या खऱ्या हकिकती. त्यातलं पान एकेचाळीस माझं! चौथी नापास बाईचं लिखाण छापून आलं, बघ. मी ते पान इतक्यांदा उघडलंय की पुस्तक आता आपसूक तिथेच उघडतं.

त्या पानावर आमची शिवणवाली आहे. मार खाऊन, लेकीला कडेवर घेऊन नवऱ्याच्या घरून निघालेली. दोन वर्षं इथे लपून राहिली. अक्षरं माझ्याकडेच गिरवली. पाळकसाहेबांनी बजावलं होतं, "मावशी, ओळख पटेल असं काही ठेवू नका हं." मी नाव बदललं, गाव गाळलं. वाटलं, झालं. पाटी बदलली आणि दुकान तेच ठेवलं गं! लाँड्रीमागची खोली राहिली. डाव्या हाताची दोन वाकडी बोटं राहिली. ती बोटं कापडावर कशी सरसर चालतात, हे वाक्य मला फार आवडलेलं. खोडायला जीव होईना. तिला विचारलंही नाही. छापल्यावर चकित करू म्हटलं.

आज सकाळी एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "घरातलं माणूस दुरावलंय, आजी. मन रमत नाही." आमचा नियमच आहे, नव्या माणसाला पुस्तक नुसतं देऊ नये, आवडतं पान उघडून हातात द्यावं. मी कुठलं उघडलं, ते सांगायला नको.

तो सावकाश वाचत गेला. मग म्हणाला, "ही बोटं तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"म्हणजे काय! मीच लिहिलंय ते."

त्यानं पुस्तक मिटलं. "आमच्या लग्नात सरळ होती."

पुस्तक काखेत मारून तो बाहेर पडला आणि डावीकडे वळला. लाँड्री उजवीकडे आहे. तेवढीच देवाची दया.

धाकटे, मी बसस्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. शिवणवाली शेजारी आहे, लेक तिच्या मांडीवर. मशीन तसंच मागे राहिलं, सुई कापडात रोवलेली. इस्त्रीचा शर्ट दिसला की मी तिचा पदर पुढे ओढते. आज साऱ्या जगानं कपडे इस्त्री करून घेतलेत की काय!

हे वाचताना ती अजून तुझ्या दारातच उभी असेल, तर आधी दोघींना आत घे, कडी लाव, मग पुढचं वाच. "तुझ्या मंडळीच्या भानगडी माझ्या दारात नकोत," म्हणाली होतीस. मी विसरले. तूही विसर.

पाळकसाहेब पोलिसचौकीत गेलेत. मी परत जाणार. तो पुन्हा वाचनखोलीत येईल, पत्ता विचारेल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण खोली बंद दिसली तर तो लाँड्र्या धुंडाळत सुटेल, आणि दोघी निघाल्याचं बस पोचायच्या आत त्याला कळेल.

त्याला कसं कळलं, हे तिनं विचारलेलं नाही. मघाशी माझं मनगट धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही होतात म्हणून वाचले." तीच दोन बोटं होती गं. मी मनगट सोडवलं आणि हा कागद काढला.

बस लागली. पाकीट चिकटवत नाही. वाटेत तिला वाचू दे. पुन्हा माझं तोंड पाहणार नाही म्हणाली तरी चालेल, तुझ्या दारापर्यंत मात्र पोचू दे. वाचायला तिला मीच शिकवलंय.

तुझी घाबरलेली,
ताई