शिवलेली पानं

सोमवार, ३ तारीख

लागली बाई नोकरी! या वर्षातली चौथी. आधीच्या तिन्हींपेक्षा बरी, कारण बसून करायची आहे. थिएटरात प्रॉम्प्टर. विंगेत तीन पायांचं स्टूल, त्यावर मी, मांडीवर नाटकाची वही. नट अडला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. शाळेत याच कामासाठी मला वर्गाबाहेर उभं करायचे.

नाटक आज्या-पणज्यांच्या काळापासून चाललेलं. एक राजा, अर्धा मांत्रिक. मेलेल्या माणसाची छाया दोरीला गाठी मारून बांधून ठेवतो, तिच्या जोरावर लढाया जिंकतो, दरबार वाकवतो. शेवटी काय होतं ते मात्र कळलं नाही. वहीची शेवटची दोन पानं काळ्या दोऱ्याने शिवून टाकली आहेत. कपडेपटाच्या मावशी म्हणाल्या की प्रयोग तिथेच संपतो, तू त्यात बोटं घालू नकोस. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्याची हकिकत सांगितली. ती नाटकापेक्षा लांब होती.

दादा असता तर विचारलं असतं, ही नोकरी कुठवर, गुरुवारपर्यंत का? पण दादा मागच्या थंडीत गेला. निरोप माझ्यापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले, कारण मी कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तेव्हा एका बंदरावर खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. असो. खोलीला खिडकी आहे.

बुधवार, ५ तारीख

राजाचं काम करणाऱ्यांना बाहेरही सगळे महाराजच म्हणतात. छायेचं काम त्यांची बायको करते, बाईसाहेब. त्या कुणाशी बोलत नाहीत. महाराज बस म्हणाले की बसतात, पी म्हणाले की कप ओठांना लावतात, आणि चहा तेवढाच राहतो. मी मावशींना म्हटलं, इतकी ऐकणारी बायको कपाटात ठेवून तिकीट लावायला हवं. मावशी हसल्या नाहीत. स्वतःच्या गुडघ्यावर हसणाऱ्या मावशी! म्हणाल्या, बाईसाहेब सहा वर्षांपूर्वी स्टेजची फळी मोडून खाली पडल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. त्या आल्या.

मला वाटलं, नवीन पोरगी बघून फिरकी घेतात. पण तिसऱ्या अंकाआधी बाईसाहेबांच्या गळ्याचा हुक लावायला गेले. गळाभर वळ. रिळावर दोरा गुंडाळावा तसे, एकावर एक. माझी बोटं तासभर गार होती.

गुरुवार, ६ तारीख

केलं.

सगळं वहीतच आहे, दुसरा अंक, पान अकरा. दोरी, सात गाठी, सात वेळा गेलेल्या माणसाचं नाव आणि राजाची चार वाक्यं. दुपारची तालीम संपली होती. रिकाम्या खुर्च्यांवर वरच्या झरोक्यातलं ऊन. मला राज्य नको होतं. दादाने एकदा मला रागवावं, चांगली खरडपट्टी काढून, एवढंच हवं होतं. तेवढा त्याचा हक्क राहून गेलाय.

सातव्या गाठीला तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीची उभी बैठक आपोआप खाली झाली. त्यावर दादा. तपकिरी स्वेटर, कोपराला भोक.

शुक्रवार, ७ तारीख

दादाला खोलीवर आणलं. चल म्हटलं, आला. बस म्हटलं, बसला. मला रागाव म्हटलं. त्याने विचारलं, काय म्हणू?

मी शब्द पुरवला. म्हण, भटकभवानी, एक पत्र टाकायला हात मोडले होते का? तो तेच म्हणाला, एक अक्षर इकडेतिकडे नाही. आवाज त्याचा, सूर माझा. मी रडले. मग म्हटलं, आता हसव. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पुढच्या शब्दासाठी.

रविवार, ९ तारीख

दोरीला सात गाठी होत्या. आता वीसच्या वर आहेत. मी मारलेल्या नाहीत. दर हुकमाला एक आपोआप बसते, आणि दादाच्या गळ्यावर एक वळ उठतो.

म्हणून हुकूम बंद केले. पण मग तो ठेवला तिथेच राहतो. कालपासून भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मागे वळ म्हणणं, हासुद्धा हुकूमच.

सोमवार, १० तारीख

महाराजांनी माझ्या मनगटावरची दोरी बघितली. स्वतः चहा आणून दिला. म्हणाले, पहिला आठवडा जड जातो, मग सवय होते. मी हिला रोज विचारतो, तू सुखात आहेस ना? ती रोज हो म्हणते. ते हो मीच शिकवलं, म्हणाले, आणि इतक्या मायेने चहा ढवळत होते की—

मावशींची कात्री घेतली. पानं उसवली. राजाचं शेवटचं वाक्य आहे, ‘राज्य सुटलं, आता तुझा तू.’ मग गाठी एकेक आपोआप सुटतात. शेवटची मात्र बांधणाऱ्याने हातांनी सोडायची.

मंगळवार, ११ तारीख

प्रयोग. शेवटी महाराज नेहमीसारखे थांबले, पडद्याची वाट बघत. मी शब्द पुरवला. शिवलेल्या पानातलं, राजाचं शेवटचं वाक्य. त्यांची तीस वर्षांची सवय. कानाने घेतलं, तोंडाने म्हटलं, मन मागून आलं.

त्यांच्या मनगटावरच्या दोरीच्या गाठी सुटत गेल्या. एक उरली. बाईसाहेब स्वतःहून बोलल्या. म्हणाल्या, अहो, सोडा ना आता. महाराजांनी सोडली. बाईसाहेबांनी घट्ट कॉलर काढल्यासारखी मान वळवली. मग उरला नुसता त्यांचा झगा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. महाराज झगा चाचपत होते, बाही, खिसे—

माझ्यामुळे. आणि माझा दादा अजून भिंतीशी उभा.

बुधवार, १२ तारीख

वाक्य म्हटलं. गाठी सुटतायत. पंधरा. दहा.

चारला तो वळला. स्वतःहून.

दोनला म्हणाला, किती वाळलीस गं. हा शब्द मी दिला नव्हता. मी नव्हता दिला.

एक उरली. दादा रागावतोय, खरंखुरं. किती शोधलं तुला, म्हणतो. मध्येच हसतो. बाकी वळ गेले, एकच आहे, आणि तो आत आत रुततोय. आवाज बारीक झालाय.

सोड, वेडे, म्हणतो.

मी म्हटलं, थांब, लिहून घेते, नाहीतर विसरेन. गाठ दोन्ही हातांनी सुटते. एका हातात पेन आहे. त्याला कळलंय मी काय करते ते. ओठ निळे—

स्वेटर. भोक. त्याने हात पुढे केलाय, पेन काढून घ्यायला—

एवढं एक वाक्य, दादा, एवढं—