बोकड, शपथ आणि एकच देव

मिलेटस, पुआनोप्सियोन महिना, चंद्रकोर दिसली तो दिवस

ती. सौ. फानोदिकेताईस मेलेसियासचा सा. न. वि. वि.

ताई, आनंदानं मला दोन घास गिळवत नाहीत! बाजारचौकात एक म्हातारे गुरुजी आले आहेत. ते म्हणतात, देव एकच. त्याला ना दाढी, ना बायको, ना भांडणं. तो जागचा हलत नाही आणि नुसत्या मनानं सगळं जग चालवतो. झेउसची लफडी ऐकून लहानपणी तू आईला विचारायचीस, मग त्याचा कान कोण पिळतं? तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं गं.

आता मुद्द्याचं. अपातुरियाचा सण तोंडावर आला आहे. आमच्या तान्ह्या टिमोनला भावकीपुढे न्यायचं, वेदीवर बोकड चढवायचा आणि झेउसची शपथ घ्यायची. मी ठरवलंय, यंदा बोकड नाही आणि शपथही नाही. ज्याला भूकच नाही त्याला मटण कशाला? हे ऐकल्यापासून क्लीटो गप्प आहे. बायकोची समजूत तूच घाल, तुझं ती ऐकते.

भाओजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मेलेसियास

टेओस, त्याच महिन्यात, पौर्णिमेच्या अलीकडे

चि. मेलेसियास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

देवाला बायको नाही, म्हणजे बिचारी हेरा एकदाची सुटली! तुझे गुरुजी मला आवडले, खरंच. चूल फुंकताना तो एकच देव इथंही असेल असं मनात आलं आणि अंगावर काटा आला.

पण शहाण्या, ती शपथ कसली असते ते विसरलास? बाप वेदीवर हात ठेवून सांगतो, हे मूल माझं, माझ्या लग्नाच्या बायकोचं. तू तोंड मिटलंस तर भावकी काही तुझा देव बदलला म्हणणार नाही. पोर त्याचं नाही, असंच म्हणेल. हेगेमोनकाका तर तुझ्या शेतावर डोळा ठेवून टपलेतच. त्यांनी हरकत घेऊन बोकड वेदीवरून खाली ओढला की टिमोनला ना शेत, ना गाव, ना बाबांचं नाव. क्लीटो का गप्प आहे, ते आता तरी कळलं का?

तुझा देव सगळीकडे ऐकतो ना? मग वेदीपाशी येऊन तो काय बहिरा होतो?

जहाज सुटतंय. राग आला तर येऊ दे, पण सणाआधी गिळ.

तुझी ताई

मिलेटस, अपातुरियाचा शेवटचा दिवस

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सणाच्या आदल्या दिवशी मिळालं. क्लीटोकडे बघायची सोय उरली नाही. तसाच बाजारात धावलो. अव्यंग पण हडकुळा असा एकच बोकड उरला होता. भावकीनं रिवाजाप्रमाणे 'लहान आहे, लहान आहे' असा गिल्ला केला, आणि या खेपेला तो खराच होता.

काकांनी बोकडाच्या शिंगाला हात घातला. पुजाऱ्यानं विचारलं, साक्ष कोणाची? टिमोन माझ्या खांद्यावर लाळ गाळत होता. मी म्हणालो, "जो सगळं ऐकतो त्याची. इथं त्याला झेउस म्हणतात, तर झेउसची. हे मूल माझं आहे, क्लीटोचं आहे."

काकांचा हात शिंगावरून सुटला. ताई, धूर वर गेला तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो. गुरुजींचं म्हणणं मला अजूनही पटतं. पण तो देव आहे असं आतून वाटलं ते आजच.

लोभ असू दे, आणि बोलणीही.

तुझा मेलेसियास

ता. क. क्लीटो बोलली. टिमोनला माझ्याकडून घेत म्हणाली, "देव किती ते तुम्ही आणि गुरुजी ठरवा. याला बाप एकच आहे."