वस्तुमान दोन्हीकडून गेलं

९ डिसेंबर
अण्णांचं ताट आजही तसंच आत आलं. गावातले ज्ञानूकाका आमच्या टेम्पोच्या धडकेनं गेले त्याला पाच दिवस झाले. भात घेऊन गिरणीला निघाले होते; दादा चालवत होता, अण्णा शेजारी. पण अण्णा येईल त्याला एकच सांगतात — "भाताची पोती म्याच जादा भरली. वजनानं गाडी थांबली न्हाई." दादा खाली मान घालून ऐकतो. सोमवारी चौकीत जबाब आहे. तिथंही हेच सांगणार म्हणे!

१० डिसेंबर
कार्य आणि ऊर्जेची गणितं. एक सुटेल तर शपथ.

११ डिसेंबर
सुटलं! गाडीची सगळी गतिज ऊर्जा घर्षणात जाते. डावीकडं अर्धा एम व्ही वर्ग, उजवीकडं म्यू एम जी गुणिले अंतर. एम, म्हणजे वस्तुमान, दोन्हीकडं — म्हणजे गेला! वजनाचा संबंधच नाही! फिजिक्सच्या मिताली मॅडमना तीनदा विचारलं. "रस्त्यावर काळ्या खुणा आहेत ना? म्हणजे चाकं जाम झाली होती. मग गाडी रिकामी काय, भरलेली काय, अंतर तेवढंच." वर्गातच रडू आलं. माझ्या अण्णांचा काही दोष नाही!

१२ डिसेंबर
कॉलेज सुटल्यावर कापूरहोळच्या रस्त्याला, खुणांपाशी एसटीतून उतरले. आईची शिवणाची टेप चोवीस वेळा टाकली. ट्रकवाले हॉर्न मारत होते, मारू देत. छत्तीस मीटर. काकांना धडक बसली तिथला पोलिसांचा खडूचा गोल सतराव्या मीटरला. कोरड्या डांबराला घर्षणाचा म्यू ०.७ धर, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तिथंच दगडावर बसून आकडे घातले.

सेकंदाला बावीस मीटर. तासाला ऐंशी.

दादा म्हणतो, "चाळीसनंच होतो." परत केलं. ऐंशीच! चाळीसनं असता तर नऊ मीटरात थांबला असता. काका आज घरी असते. देवा, मी कशाला मोजायला गेले हे?

१३ डिसेंबर
दादानं न सांगता माझ्या सायकलची चेन बसवून दिली. मला त्याच्याकडं बघवेना.

१४ डिसेंबर
अण्णांसमोर वही धरली. म्हटलं, "वजनानं नाही झालं, अण्णा. वेगानं झालं. ऐंशी होता."

त्यांनी वहीकडं पाहिलंही नाही. "म्हाईत हाय, पोरी. वेगाचा काटा म्या बघत हुतो. म्याच म्हनलं त्याला — दाब अजून, गिरणी बंद हुईल."